चेहऱ्यावरची साय

प्रणोती हासबेचा जबडा चौकोनी होता. पट्टी लावून आखलेला नव्हे. पण कानाखालून उतरलेली रेघ हनुवटीकडे वळायच्या आधी कोपऱ्यावर जरा थांबायची, विचार करायची आणि मग नाइलाजानं वळल्यासारखी वळायची. प्रणोती पुण्यात एका ऑनलाइन शिकवणीत रसायनशास्त्र शिकवायची. शिकवायची झकास. पण पडद्यावर तिचा चेहरा भिंतीएवढा करून बघणारी पोरं नाव ठेवल्याशिवाय थोडीच राहणार? त्यांनी तिला 'चौकट मॅडम' करून टाकलं होतं. "चौकट मॅडमनी परवा टेस्ट ठेवलीय रे." दुष्टपणानं कुणीच म्हणत नव्हतं, त्यामुळे रागवायचीही सोय नव्हती.

शाळेपासूनचं हे दुखणं. केस कायम पुढे ओढलेले, फोटोत हनुवटीखाली हात, कॅमेऱ्याकडे ठरावीक एकच बाजू. शिकवताना पडद्याच्या कोपऱ्यात तिची स्वतःची छोटी प्रतिमा दिसायची, आणि अणूची रचना समजावतानाही अर्धं लक्ष तिकडेच. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसायचं? खरं आहे. पण बुटात खडा असलेल्या माणसाला आपण असं म्हणत नाही, खडा काढ म्हणतो.

तर खडा काढायला म्हणून ती डॉक्टर रेहाना इनामदारांकडे गेली. जबड्याचे कोपरे घासून चेहरा निमुळता करणारी ही शस्त्रक्रिया एव्हाना दातांना तारा लावण्याइतकी सर्रास झाली होती. मध्यंतरी तर लोक सकाळी ठरवून संध्याकाळी हाडं घासून घ्यायचे आणि मग वर्षभर आरशासमोर रडत बसायचे. शेवटी सरकारला कायदाच करावा लागला. आधी काही आठवडे नवा चेहरा लावून जगायचं, मगच सुरी.

आता चेहरा लावायचा म्हणजे काय? हाड काही चार दिवस काढून ठेवता येत नाही. पण गंमत अशी, की आपला डोळा हाड बघतच नाही. त्याला दिसतो उजेड आणि दिसते सावली. त्यावरून मेंदू ठरवतो, इथं उंचवटा, तिथं खळगा. नाटकवाले रंगाच्या डबीनं हेच करत आले. पण रंगवलेली सावली एका दिव्यापुरतीच खरी, माणूस वळला की सोंग उघडं पडतं. इनामदारबाईंनी प्रणोतीच्या जबड्यावर चिकटवला तो पापुद्रा वेगळा होता. त्यात लाखो बारीक कण होते. उजेड कुठून येतोय हे प्रत्येक कणाला कळायचं, आणि त्या जागी नवं हाड असतं तर जेवढा उजेड परत आला असता तेवढाच तो परत पाठवायचा. जबड्याच्या कडेला तर पापुद्रा मागच्या भिंतीचा नाहीतर झाडाचा रंगच उचलून धरायचा, म्हणजे ती कड कुणाच्या डोळ्याला लागायचीच नाही. हात लावला तर जुना जबडा जागच्या जागी. बघितला तर गायब.

कंपनीनं त्याला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं. लोक त्याला साय म्हणायचे, कारण दिसायला तो तसाच होता, दुधावर धरतो तसा.

"बोलताना, हसतानाही हा नव्या चेहऱ्यासारखाच दिसेल," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या जबड्याच्या कोपऱ्यावर चावण्याचा स्नायू आहे, चांगला जाड आहे. ऑपरेशनमध्ये तोही आपण बराच कमी करणार. म्हणून त्याचा फुगवटा साय आत्तापासूनच पुसून टाकेल. आणि एक आधीच सांगते. खालच्या ओठाची नस जबड्याच्या हाडातून जाते. ओठ काही महिने बधिर राहू शकतो. क्वचित कायमचाही. घरी जाऊन यावर नीट विचार करा."

प्रणोतीनं मान हलवली खरी, पण तिचं लक्ष आरशात होतं. आरशातली बाई निमुळत्या चेहऱ्याची होती, आणि रडत होती.

पुढचे दिवस मजेत गेले. तिनं केस मागे बांधले. नाक्यावरच्या फळवाल्यानं "ताई, आजारी होता का, बारीक झालात," म्हणून एक चिकू जास्तीचा घातला. पोरांनी दोनचार दिवस कुजबुज केली आणि मग पोरंच ती, दुसरं काहीतरी मिळाल्यावर विसरून गेली. पण खरी गोष्ट निराळीच घडली. एके दुपारी तास संपल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आज आपण पडद्याच्या कोपऱ्यातल्या स्वतःकडे एकदाही बघितलं नाही.

"मी सुंदर दिसते म्हणून नाही, डॉक्टर," तिनं पुढच्या भेटीत सांगितलं. "मी कशी दिसते हे आठवतच नाही, म्हणून मला हे हवंय."

इनामदारबाईंना हे उत्तर आवडलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "बरेच जण मला नटनट्यांची नावं सांगतात. तुमचं बरंय. पण ज्यांच्यासमोर हा चेहरा वाढला, त्यांना दाखवून आलात का?"

"आईला? तिला काय दाखवायचं? ती आजवर मला कशालाच नाही म्हणाली नाही."

"मग तर जाऊनच या," डॉक्टर म्हणाल्या.

प्रणोती मूळची इचलकरंजीची. घराच्या खालच्या अंगाला कापड विणायच्या मागांचा कारखाना, वर राहायचं. गावात नवे, मुकाट चालणारे माग आले तरी तिच्या थोरल्या भावानं, विनायकनं, जुने खडखड करणारे माग ठेवले होते. त्यांवर निघणाऱ्या जाड धोतराला अजून गिऱ्हाईक होतं. आई, मालन हासबे, उभी हयात त्या कारखान्यात राबलेली. आधी कोपऱ्यातल्या यंत्रावर सूत गुंडाळून कांड्या भरायची. नवरा गेल्यावर मागच हातात घेतले. सूत घेऊन धावणारा धोटा इकडून तिकडे आपटण्याचा तो आवाज ज्यानं ऐकलाय त्यालाच कळेल. त्या आवाजानं मालनबाईंचे कान खाल्ले. पन्नाशीच्या आतच त्या ठार बहिऱ्या झाल्या.

पण बोलणं थांबलं नव्हतं, कारण मागावरच्या लोकांचं बोलणं मुळात आवाजाचं नव्हतंच. खडखडाटात ओरडून घसा कोण फोडणार? तिथं आवाज न काढता, तोंड मोठं उघडून, जबडा हलवून बोलायचं. समोरच्यानं चार माग ओलांडून ते डोळ्यांनी ऐकायचं. त्याचा एक रिवाजही होता. ऐकणाऱ्यानं शेवटचा शब्द आपल्या ओठांवर घेऊन परत दाखवायचा. परत आला की पोचला. नुसती मान हलवली तर अर्थ एवढाच, की मी तुझ्याकडं बघतोय, पण हात कामात आहे, काय म्हणालास ते नंतर बघू. प्रणोती ही बोली आईच्या पायाशी सुताच्या टोपलीत बसून शिकली होती, अक्षरांच्याही आधी. शाळेतून आली की मागांच्या पलीकडून आईचा बिनआवाजी प्रश्न ठरलेला: "जेवलीस का?" आणि दारातून पोरगी ओठांवर तोच शब्द परत द्यायची, "जेवलीस का," आणि मग उत्तर.

विनायकनं आईला अक्षरचष्मा आणून दिला होता. समोरचा बोलला की काचेवर अक्षरं उमटायची. तो कपाटात पडून होता. "अक्षरं वाचत बसलं की माणसाचं तोंड बघायचं ऱ्हातंय," मालनबाई म्हणायच्या.

प्रणोती सकाळी पोचली तेव्हा आई दारातच उभी होती. तिनं लेकीकडे बघितलं, पुढे येऊन दोन्ही हातांनी तिचे मागे बांधलेले केस चाचपले, आणि आपल्या बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "लई ग्वाड दिसतीस गं पोरी."

प्रणोतीचा जीव भांड्यात पडला. दिवसभर ती आईला सगळं सांगत राहिली. शस्त्रक्रिया कशी करतात, ओठ बधिर होईल कदाचित, तू पुण्याला येऊन माझ्याजवळ राहा, मला भीती वाटतेय. आई भाकरी थापता थापता मान हलवत होती. "व्हय. व्हय. कर की." इतकं सोपं असेल असं प्रणोतीला वाटलं नव्हतं. ती खूश झाली.

दुसऱ्या दिवशी ती चहाचा कप घेऊन कारखान्यात उतरली. वहिनी, उज्ज्वला, दूरच्या मागावरून आईला काहीतरी सांगत होती, अर्थात आवाजाशिवाय. आईचे ओठ हलले: "सूत सपलं." मग वहिनी आणखी काही बोलली. आईचे ओठ परत हलले: "सांच्याला." प्रणोती बघत राहिली, आणि चहा निवत गेला. काल सकाळपासून आईनं तिचा एकही शब्द ओठांवर घेऊन परत दिला नव्हता. नुसती मान हलवत होती.

तिनं आईचं लक्ष वेधलं. मग सावकाश, नीट तोंड उघडून, तिच्या मनात आलं ते ती म्हणाली, "आई, मी उद्या एक हत्ती आणून तुझ्या मागाला बांधणार आहे."

मालनबाईंनी तिच्याकडे टक लावून बघितलं. डोळे बारीक केले. मग तोंडभर हसल्या आणि मान हलवली. "व्हय, बरं झालं की. आण."

प्रणोतीही हसली. हसत हसत वर गेली आणि मोरीत नळ सोडून मनसोक्त रडली. आईला तिचं एक अक्षरही कळत नव्हतं. आणि कळत नाही हे आई तिला कळू देत नव्हती.

ती दुपारच्या गाडीनं पुण्याला परतली आणि तडक इनामदारबाईंच्या समोर जाऊन बसली. साय सोलून तिनं टेबलावर ठेवली. "मला नको हे. हा चेहरा घेतला तर माझं आणि आईचं बोलणं बंद होणार. मला दोन्ही नाही मिळणार ना? मग आई."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे मला कळायला हवं होतं. कानानं ऐकणाऱ्यांची आम्हाला इतकी सवय, की डोळ्यानं ऐकणारं घरात कुणी आहे का, हे आम्ही विचारतच नाही. चूक माझी. पण प्रणोतीताई, घाईनं दिलेला होकार जसा चेहऱ्यावर बसतो तसा घाईनं दिलेला नकारही बसतो. तुम्ही आईंना विचारलंत?"

"काय विचारू? तिला कळत नाही हेच तर..."

"साय काढून विचारा की," डॉक्टर म्हणाल्या.

इतकी साधी गोष्ट तिला सुचली नव्हती. पण ती लगेच गेली नाही. सायीविना, उघड्या तोंडानं आईसमोर जायचं तिला एकाएकी अवघड वाटायला लागलं, आणि या विचाराची लाजही वाटली. रोज उद्या जाऊ म्हणायची. तेवढ्यात वहिनीचा फोन आला.

"वन्सं, रागवू नगासा, पर आत्तींना काय झालंय कुणास ठाऊक. काम टाकून दिसभर तुमची शिकवणी बघत बसत्यात. जेवायला हाक मारली तर हातानं थांब म्हणत्यात."

"माझी शिकवणी? तिला आवाज कुठं येतोय?"

"तेच तर. आवाज बंद करूनच बघत्यात."

या वेळी प्रणोती सायीशिवाय गेली. केस मात्र पुढे ओढलेले. घरात आई नव्हती. ती खाली कारखान्यात, कांड्यांच्या जुन्या यंत्रापाशी दाराकडे पाठ करून बसली होती. समोर सुताच्या पेटीला टेकवलेला पडदा, आणि त्यात साय लावून घेतलेल्या एका जुन्या तासातली, निमुळत्या चेहऱ्याची चौकट मॅडम बोलत होती. मालनबाई पुढे झुकून तिचे ओठ बघत होत्या. चित्र थांबवायच्या, मागे न्यायच्या, परत बघायच्या. मग त्यांचे स्वतःचे ओठ हलायचे. सं. यु. जा. मान हलायची, नाही जमलं. परत. सं-यु-जा. चौथी पास बाई, मूलद्रव्यांची संयुजा ओठांवर घेऊन पडद्याला परत देत होती.

प्रणोती जाऊन तिच्या समोर उभी राहिली. मालनबाई दचकल्या. चोरी पकडल्यासारखा त्यांनी पडदा पालथा घातला.

"काय चाललंय?" प्रणोतीनं आवाज न काढता विचारलं. आपल्या जुन्या तोंडानं.

"चाललंय," आईनं झटकन ओठांवर परत दिलं, आणि मग तिच्या सगळ्या चेहऱ्यावर हसू पसरलं. लेक कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा तिला ऐकू आली होती. "शिकत हुतो. तुझं नवं तोंड शिकत हुतो. माझ्या हातात आनि थोडं दिस असतं तर मी तुला कळूच दिलं नसतं. सोडियम तेवढा लई वांड दिसतोय, पान्यात टाकला की पेटतोय. खरं हाय का ते?"

कोल्हापूरकडच्या बायका शिकत होतो, येतो, जातो असंच बोलतात. पुण्यात राहून प्रणोतीचं ते गेलं होतं. ते ऐकून तिचा बांध फुटला.

"मग मान का हलवलीस? मी हत्ती आणते म्हटलं तर आण म्हणालीस."

"हत्ती म्हनालीस व्हय?" मालनबाईंना खरोखरच गंमत वाटली. मग त्या गंभीर झाल्या. "तू आलीस तवा केस मागं बांधलं हुतंस. लहानपनानंतर तुझा कान मी पयल्यांदा बघितला. ते सोडून मी काय सांगू तुला, मला कळंना म्हून?"

"आई, मी नाही करत. मला तू हवीस."

यावर आई मायेनं जवळ घेईल असं तिला वाटलं होतं. मालनबाई भडकल्या.

"माझ्यावर ढकलू नगंस. उद्या तू हनुवटीखाली हात घीशील आनि दरयेळी मला वाटंल, ह्याला कारन मी. त्यापरीस न्हाई आयकलं ते परवडलं. माझं कान गेलं, मला कुनी इचारलं नव्हतं. ह्यो जबडा बी तुला माझ्याकडनंच आलाय, तवा मी तरी तुला कुठं इचारलं? आता कुनीतरी तुला इचारतंय तर नीट इचार करून सांग. आईला मधी घालू नगंस."

प्रणोतीनं आईकडे बघितलं. खरंच, कोपरा तोच होता, तसाच थांबून वळणारा. तो आईच्या चेहऱ्यावर तिला कधीच कुरूप वाटला नव्हता. पण आईच्या चेहऱ्याला कुणी पडद्यावर भिंतीएवढं करून बघत नव्हतं, हेही तितकंच खरं होतं.

तिनं डोळे पुसले. ती शिक्षिका होती. काही अडलं की नेमकं कुठं अडलं ते शोधायची तिला सवय होती. "तुला नेमकं काय दिसत नव्हतं?" तिनं विचारलं.

मालनबाई विचारात पडल्या. मग त्यांनी लेकीच्या जबड्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ओठ तर समद्यांचंच हलत्यात. प काय आनि म काय, ओठावर सारखंच. पर हितं गाठ येती. हसून बोललीस तर येगळी, दात आवळून बोललीस तर येगळी. मी पयला ही गाठ बघतो, मग ओठ. त्या नव्या तोंडाला गाठच नव्हती. भिंतीसंगट बोलल्यागत वाटायचं."

हे सगळं प्रणोतीनं जसंच्या तसं इनामदारबाईंना सांगितलं. बाई बराच वेळ तिच्या जबड्याचं त्रिमितीय चित्र फिरवून बघत बसल्या.

"हाड आणि स्नायू या दोन गोष्टी आहेत," त्या शेवटी म्हणाल्या. "चौकट दिसते ती मुख्यतः हाडामुळे. आपण फक्त हाडाचा कोपरा घेऊ, स्नायूला हात लावायचा नाही. मात्र सायीत दिसला तेवढा निमुळता चेहरा होणार नाही. चौकट जाईल, पण कोपऱ्याची खूण राहील. आणि ओठाच्या नसेचा धोका आहे तो आहेच, त्यात मी काही कमी करू शकत नाही. चालेल?"

त्यांनी सायीचं गणित बदललं. प्रणोतीनं आरशात बघितलं. पहिल्या सायीतल्या त्या बाईची तिला आठवण झाली आणि काळजात बारीकशी कळ आली, कारण ती बाई आता येणार नव्हती. समोर होती ती कुणीतरी मधलीच. थोडी हासब्यांची, थोडी नवी. ही लावून तिनं तास घेतले. पहिल्या दिवशी ती कोपऱ्यातल्या प्रतिमेकडे दोनदा बघून गेली. मग एकदा. पुढं एके दिवशी एका पोरीनं आम्लं आणि अल्कं यावर असा काही भन्नाट प्रश्न विचारला, की प्रणोती तोंड विसरूनच गेली. तेव्हाच तिला आपलं उत्तर कळलं. आता पोरांना काय वाटतं हा प्रश्न नव्हता, आणि आईला कळेल का, यावरही निर्णय अडलेला नव्हता. तरीही तिला ते हवं होतं. कुणावर ढकलायला जागा नसताना हवं होतं.

हेच सांगायला ती मधली साय लावून इचलकरंजीला गेली. भर दुपारी सगळे माग चालू होते, कारखान्यात कानठळ्या बसत होत्या. आई पार टोकाच्या मागावर होती. प्रणोती दारातच थांबली आणि बिनआवाजी म्हणाली, "आई, करू का?"

मालनबाईंनी डोळे बारीक केले. सूत तुटायला आलं होतं तिकडे हात, आणि नजर लेकीच्या जबड्याच्या कोपऱ्यावर. क्षणभर काहीच झालं नाही. मग आईचे ओठ हलले.

"करू का." पोचलं होतं. आणि लगेच पुढे, "मला काय इचारतीस? तुला पायजे का?"

"पाहिजे," प्रणोती म्हणाली.

"पायजे," आईनं परत दिलं, आणि धागा जोडायला मान खाली घातली.

शस्त्रक्रिया पावसाळा सरल्यावर झाली. प्रणोतीला जाग आली तेव्हा कानापासून हनुवटीपर्यंत सगळं घट्ट पट्टीत बांधलेलं होतं. चेहरा भोपळ्यासारखा सुजला होता, खालचा ओठ दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा लोंबत होता. भूल देताना घातलेल्या नळीनं घसा बसला होता, आवाज म्हणून फुटत नव्हता. खिडकीतून सकाळचं ऊन आत आलं होतं. पायथ्याशी स्टुलावर मालनबाई बसल्या होत्या, इरकली लुगड्याचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, मागापुढं उभ्या राहायच्या तशाच ताठ.

प्रणोतीनं काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. ओठ जेमतेम थरथरले.

"आरसा हवाय," नर्स ओळखल्यासारखं म्हणाली. "सगळे पहिल्यांदा आरसाच मागतात." आणि तिनं तो समोर धरला. प्रणोतीनं डोळ्यांनीच नको म्हटलं.

"दुखतंय का?" इनामदारबाई पुढे झाल्या. "पाणी? उशी वर करू?"

प्रणोतीनं परत ओठ हलवले. डॉक्टर आणि नर्स एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणाला काही कळेना. कोपऱ्यावरची गाठ तर पट्टीखाली दडली होती, दिसत होते फक्त दोन सुजलेले ओठ, त्यातला एक मेलेला.

मालनबाई उठल्या. डॉक्टरांना त्यांनी हातानं जरा बाजूला केलं आणि लेकीच्या तोंडावर वाकल्या. गाठीशिवायचं तोंड वाचायला त्या आवाज बंद केलेल्या पडद्यासमोर बसून शिकल्या होत्या. ते शिकणं वाया गेलं असंच सगळ्यांना वाटलं होतं, त्यांनाही. त्यांनी डोळे बारीक केले.

"परत म्हन," त्या म्हणाल्या.

प्रणोतीनं परत म्हटलं.

आणि मालनबाईंच्या ओठांवर, आवाज न करता, एकेक अक्षर जागेवर आलं: जेवलीस का.

"जेवलो की," त्या आपल्या मोठ्या आवाजात म्हणाल्या. नर्सच्या हातातला आरसा अजून तसाच होता. तो त्यांनी काढून घेतला आणि कपाटावर पालथा ठेवला. "पोहे खाल्लं. तू आता झोप बघू."

प्रणोतीनं पट्टीखालून, जमेल तेवढं, शेवटचा शब्द परत दिला.